वायर काढून ठेवणारे मनोहरभाऊ

मनोहरभाऊंची पहिली भेट वडशाला, त्यांच्या टायपिंगच्या दुकानात झाली. मी नाटकमंडळ चालवतो, म्हणजे धंद्यानेच संशयी. पण मी दारात असतानाच त्यांनी माझ्या खिशाकडे पाहून विचारले, "पेनड्राइव्ह हाय का? असन तर बाहेर ठेवा जी." आपल्याला गुरू भेटला, हे मी ओळखले.

झाडीपट्टीतली कितीतरी नाटके भाऊंनी एकाच संगणकावर उतरवली. आमच्या दिवंगत नाटककारांचे शेवटचे नाटकही त्यातच होते. हस्तलिखित तालमींत फाटून गेलेले. फाँट जुना असल्याने नव्या संगणकावर नुसती वेडीवाकडी चिन्हे दिसत. पुढे या संगणकाचे अपडेट बंद झाले. विक्रेता म्हणाला, भंगारात द्या. भाऊंना विक्रेत्याचाच संशय आला. त्यांनी इंटरनेटची वायर काढून माळ्यावर टाकली.

"अपडेट बंद झाले म्हून मशीन मेली काय? याले बाहेरचं वारं लागू द्याचं नाई. टायपिंग करन, प्रिंट देईन. अजून का पायजे?"

सुट्या भागांसाठी त्यांनी बल्लारपूरहून तसाच एक जुना संगणकही आणून ठेवला. एवढी झाकपाक कशासाठी, हे मला कळेना. आमचे नाटक दुसऱ्या मंडळाच्या हाती गेले तर? हंगामाच्या तोंडावर मी नाटक उतरवून आणायला प्रॉम्प्टरला पेनड्राइव्ह देऊन पाठवले. भाऊंनी ती हातातही घेतली नाही. "कुठी कुठी फिरून आली, मले का मालूम?" भाऊंच्या मनात काळेबेरे आहे, असे आमच्या तालमीत सगळेच बोलू लागले.

आमच्याकडे गाण्यांची पेनड्राइव्ह एका मंडळाकडून दुसऱ्याकडे बिनदिक्कत फिरते. त्या हंगामात तिच्याबरोबर व्हायरसही फिरला. एकेका मंडळाच्या कार्यालयातल्या फायली उघडेनाशा झाल्या, आमच्याही. नाटक गेले असे समजूनच मी घाबरत भाऊंकडे गेलो. त्यांचा संगणक धडधाकट होता. त्यांनी अख्ख्या नाटकाची प्रत समोर ठेवली. आमच्या प्रॉम्प्टरची नजर अधू, म्हणून अक्षर मुद्दाम मोठे काढलेले.

"दुसरी प्रत आरमोरीले, बहिणीच्या घरी हाय," ते म्हणाले. "सारं एका जागी ठेवाचं नाई. माया घराचा बी भरोसा नाई."

"दुसऱ्या मंडळाला दाखवली नाही ना?" मी विचारलेच.

"नाई. अन् त्याइची तुमाले दाखवणार नाई."

आज भाऊ पंचाहत्तर वर्षांचे झाले. संगणकाचा पंखा जरा कुरकुरला की ते लगेच झाकण उघडतात. स्वतःचा खोकला मात्र हसण्यावारी नेतात. त्यांनी थोडा संशय आपल्या प्रकृतीवरही घ्यावा, शंभरी गाठावी आणि आमच्या खिशांकडे असेच रोखून पाहत राहावे, ही मनापासून इच्छा.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाचे टायपिंग भाऊच करणार आहेत. स्वतःची स्तुती ते गुपचूप गाळतील, असा मला दाट संशय आहे. म्हणून या लेखाची दुसरी प्रत मी आरमोरीला, त्यांच्या बहिणीच्या घरी ठेवून आलो आहे.