बोअरच्या पाण्यातली डाळ

ज्यांनी मला सांभाळून घेतलं त्या माझ्या नात्याच्या कुणी नाहीत. शाळेत त्यांना सगळे मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. काय झालं ते पुढं सांगतेच, पण आधी हे लिहून ठेवते की आज लातुरात माझं घर चालतंय ते मावशींमुळं.

मी किनवटकडची. आमचं गाव जंगलाला लागून. आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकले, मग आई आजारी पडली आणि शाळा सुटली ती सुटलीच. लग्न करून लातूरला आले. नांदेड मागं पडलं की मला अजून परकं वाटायला लागतं. नवरा ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. आठवी शिकलेल्या बाईला काम कोण देणार, ही धास्ती मला पहिल्यापासून. गल्लीजवळच्या सरकारी शाळेत लेकरांचा स्वयंपाक करायला बाई पाहिजे होती, तिथं मावशींच्या हाताखाली लागले. वर्षभर बरं चाललं.

उन्हाळ्यात शाळा पाडायला काढली. जुन्या खोल्यांच्या भिंतींना भेगा गेल्या होत्या, त्या जागी दुमजली इमारत होणार होती. जूनमध्ये शाळा उघडायची वेळ आली तरी मैदानभर पाया खणलेला, सळया उभ्या आणि एका कडेला पत्र्याचे वर्ग. आमचं स्वयंपाकघरही पाडापाडीत गेलं. धुळीत लेकरू कशाला बसवायचं म्हणून कितीतरी आईबापांनी नावं काढून दुसऱ्या शाळेत घातली. आणि लेकरं कमी झाली की स्वयंपाकाला बाई एकच, असा नियम.

हेडसरांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. म्हणाले, "मला कुणालाच काढायचं नाही. पण एकच ठेवता येईल. पहिल्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष जेवायला येणार आहेत. दोघींचं काम बघून ठरवू म्हणतात."

मला वरण-भात दिला, मावशींना शिरा. दोघींना दोन-दोन गॅसच्या भट्ट्या, वर एकच पत्रा.

त्या दिवशी मी उजाडताच शाळेत गेले. खोदताना जेसीबीनं नळाची लाइन तोडली होती, शाळेच्या टाकीत थेंब नव्हता. पण ठेकेदारानं बांधकामाला बोअर पाडलं होतं आणि त्याचा जाड पाइप आमच्या पत्र्याजवळच पडलेला. मी माझा ड्रम काठोकाठ भरून घेतला. थोड्या वेळानं मावशी आल्या, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. समोरच्या गल्लीतल्या आपल्या घरून नळाचं पाणी वाहून आणत होत्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आणलं. मला वाटलं, हाताशी पाणी असून म्हातारी उगीच दमते. बोलले मात्र नाही. त्या दिवशी आम्ही एकमेकींशी नीट बोलतच नव्हतो.

डाळ धुतली, हळद घातली, चढवली. उकळी आली. मी भाताकडं वळले. परत येऊन बघते तर डाळ पाण्यात नाचत होती, फुटत नव्हती. गॅस मोठा केला. पळीनं एक दाणा काढून बोटात दाबला, खड्यासारखा. पलीकडं काँक्रीटचं मिक्सर घरघरत होतं. फाटकातून नवी लेकरं आईचं बोट धरून येत होती. पहिलीतल्यांना बाई गुलाबाचं फूल देत होत्या. मग घोषणा देत लेकरांची फेरी गावात निघाली. ती परत आली की पंगत. मी पुन्हा दाणा दाबला. तसाच.

मावशी रवा भाजत होत्या. माझ्याकडं न बघताच विचारलं, "सारखं झाकण उघडून काय करलालीस?"

"डाळ शिजंना, मावशी."

"कुठलं पाणी घातलंस?"

"बोअरचं."

मावशींनी उलथनं खाली ठेवलं. "आगं माय. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजती व्हय? तुमच्या जंगलात बोअर न्हाईत का?"

"आमच्याकडं विहीर हाय."

"मग विहिरीतच राह्याचं होतंस, किनवटवाले."

मला रडू फुटायला लागलं. लातुरात लहान पोरीलाही ठाऊक असलेली गोष्ट मला माहीत नव्हती. घरी मी नळाचंच पाणी साठवायची, टाकीतही तेच यायचं, कधी प्रश्नच आला नव्हता. आता अध्यक्ष येणार आणि कच्ची डाळ वाढणार. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला की काय सांगायचं, तेच डोक्यात फिरायला लागलं.

मावशींच्या दुसऱ्या भट्टीवर शिऱ्यासाठी आधण आलेलं होतं. त्यांनी पदरानं पातेल्याचे कान धरले. "रडतीस काय, चाळण धर. तुझं पाणी वतून दे."

"मावशी, तुमचा शिरा?"

"शिरा काय पळून चाललाय? धर म्हनलं ना."

डाळ गाळली. त्यावर त्यांचं सगळं उकळतं पाणी ओतलं, चिमटीभर सोडा टाकला, झाकण लावलं. मग मावशी तशाच फाटकाबाहेर गेल्या. फेरी कोपऱ्यावरच होती. बाईंना म्हणाल्या, "बाई, लेकरं जरा मारुतीच्या देवळाकडून फिरवून आणा."

"मावशी, बारकी आहेत हो. पाय दुखतील."

"आभाळ हाय, ऊन कुठंय? देवाच्या पाया पडू द्या पहिल्या दिवशी."

बाई हसल्या आणि फेरी वळवली. मावशी तिथूनच घरी गेल्या नि आणखी एक हंडा घेऊन आल्या. तोवर त्यांचा भाजलेला रवा गरम कढईत नुसता पडून होता. मी त्याखालची भट्टी बंद केली होती, तरी लालच्या पुढं गेला.

फेरी आली तेव्हा माझी डाळ मेणासारखी झाली होती. फोडणी घातली, पंगत बसली. शिरा उशिरा आला, काळपट आणि गुठळ्यांचा.

अध्यक्षांनी भात कालवला. "वरण झकास झालंय." मग शिरा तोंडात घातला. "मावशी, शिरा करपवलात की. वय झालं म्हणायचं आता."

मावशी पदराला हात पुसत राहिल्या. मला वाटलं, आता गप्प राहिले तर हे वरण मलाच पचणार नाही.

"सर," मी हेडसरांना म्हणाले, "शिऱ्याचं पाणी माझ्या डाळीला गेलं. मी बोअरचं घातलं होतं. त्यांनी आपलं दिलं, म्हणून वरण झालं."

अध्यक्ष हसले. "हे अवघड झालं. मग ठेवायचं कुणाला, तुम्हीच सांगा."

"हिला ठेवा," मावशी म्हणाल्या.

"न्हाई, मावशी."

"गप बस. मी बोलतेय न्हवं?" मग अध्यक्षांकडं वळून, "माझं घर हितं, लेक हितं. क्लासच्या पोरांचे मेसवाले रोज पोळ्या लाटायला बोलवतेत. हिला या गावात कोण वळखतंय?"

"बघा हं. उद्या तक्रार घेऊन याल."

"मी कशाला येऊ? इमारत झाली, लेकरं वाढली की दोघींला बोलवा म्हंजे झालं."

हेडसरांनी अध्यक्षांकडं बघून होकार घेतला. मग मला म्हणाले, "उद्या वेळेवर या."

आता भट्टीजवळ मी एकटीच असते. मावशी मेसमध्ये सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटतात. तिथं बसायला मिळत नाही, उभं राहून लाटायच्या. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "काम सोडून कशाला आलीस?" आणि गरम पोळी हातावर ठेवली.

इमारतीचा पहिला स्लॅब पडलाय. लेकरं परत आली आणि दुसरी जागा निघाली की हेडसरांच्या आधी मी मावशींच्या दारात जाईन. नाहीच निघाली, तर त्यांचे हात थकतील तेव्हा त्यांना रोजचं दोन वेळचं गरम जेवण माझ्या घरून जाईल. त्यांना हे बोलून दाखवलेलं नाही, ऐकून घ्यायच्या नाहीत. म्हणून इथं लिहिते: मावशी, मी हे फेडणार आहे.