काटक

"बूट असतील त्या आत. बाकीच्यांनी ग्राउंडवरच थांबायचं."

खेळाच्या सरांनी शाळेच्या हॉलच्या दारात आडवा हात धरला हुता. वरनं सडासडा पाऊस, आन् आमी सगळ्या पोरी ग्राउंडवरनं पळत आलेलो. माझा एक पाय उंबऱ्याच्या आत पडलाबी हुता. सरांनी खाली बघितलं. चिखलानं भरलेला, अनवाणी पाय. माझ्या तोंडाकडं न बघताच म्हणालं, "तो पाय बाहेर घे आधी."

तो पाय. जणू वर माणूसच न्हवतं.

मी पाय बाहेर घेतला. आत केतकी, आमच्या टीमची कॅप्टन, शहरातल्या डॉक्टरांची पोरगी, बाकावर बसून टॉवेलनं केस पुसत हुती. संस्थेच्या अध्यक्षांच्या बाई त्या दिवशी सराव बघायला आलेल्या. व्हरांड्यात खुर्ची टाकून चहा पीत हुत्या. त्यांनी आमाला बघितलं, म्हणाल्या, "अहो सर, भिजतायत की त्या."

सर हसलं. "त्यांना काही होत नाही, मॅडम. मेंढरांमागं वाढलेल्या पोरी. काटक असतात."

"खरंय बाई," मॅडम म्हणाल्या. "आपल्या मुलींना लगेच सर्दी."

आमी परत ग्राउंडवर गेलो. पावसात बॉल मारत बसलो. आन् खरं सांगू का? मला त्या दिवशी राग आलाच न्हाई. मला बरं वाटलं. सर आमाला काटक म्हणालं म्हणून बरं वाटलं. त्याचाच आज लय राग येतो.

मी आता एका शाळेत खेळ शिकवते. शुद्ध बोलायला येतं मला, भाषणबी करते. पर ही गोष्ट मी शुद्धात सांगणार न्हाई. जे तोंड तवा हुतं, त्याच तोंडानं सांगणार.

मी जतकडची. धनगराची. नव्वदीतली सालं हुती ती. सांगलीतल्या एका मोठ्या शाळेनं पोरींची फुटबॉलची टीम काढायची ठरवली. पोरींचा फुटबॉल तवा नवाच. शहरातल्या पोरी अर्ध्या टीमपुरत्याबी मिळंनात. मग सर आमच्या तालुक्याच्या खेळांना आलं, पळणाऱ्या पोरी बघितल्या आन् आमाला चौघी-पाचजणींना उचललं. वसतिगृहात जागा, दोन टायमाचं जेवण, शाळा फुकट. फक्त एक अट. टीममधी हायस तवर वसतिगृहात. टीम सुटली की गाव. आन् गाव म्हंजे मेंढरं, न्हाईतर लगीन. माझ्या मोठ्या भैनीचं सातवीतच झालं हुतं. अव्वा मला एसटीत बसवताना म्हणाली, "काय बी झालं तरी परत येऊ नकोस बाई." आई असून असं बोलली. तिला कळत हुतं, परत आले तर काय हुणार.

तर असं हुतं. बॉल पायात हुता म्हणून पुस्तक हातात हुतं.

आमाला बूट हुतं. पर ते मॅचपुरतं. मॅच झाली की कपाटात, आन् किल्ली सरांकडं. रोज वापरलं तर फाटत्यात म्हणं. केतकीचं आन् तिच्या मैत्रिणींचं बूट घरचं. त्यामुळं "बूट असतील त्या आत" म्हणलं की कोण आत आन् कोण बाहेर, हे नाव न घेता ठरायचं. लय हुशारीचं काम. जात काढली न्हाई, गाव काढलं न्हाई, नुसतं बूट म्हणलं.

आन् वर ते काटक. प्रार्थनेच्या वेळी सर सगळ्या शाळेपुढं सांगायचं, "या मुली बघा. ऊन नाही, पाऊस नाही. काटक!" शाळा टाळ्या वाजवायची. आमाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आन् आमी येड्या चढायचो. हुडहुडी भरली तरी दात दाबून धरायचो. ताप आला तर सांगायचो न्हाई. काटक पोरीला ताप कसा येईल?

आता एक सांगून ठेवते, न्हाईतर म्हणाल बाईला पावसाचं वावडं हाय. पावसात खेळायला माझी ना न्हाई. चिखलात घसरून मारलेल्या गोलाची मजा कोरड्यात न्हाई. मी आजबी पोरींना पावसात खेळवते. पर पाऊस येगळा आन् ईज येगळी. आन् पावसात खेळायचं तर सगळ्यांनी खेळायचं. अर्ध्यांनी खेळायचं आन् अर्ध्यांनी खिडकीतनं बघायचं, ह्याला सराव म्हणत न्हाईत.

साताऱ्याला विभागाच्या मॅचेस व्हायच्या हुत्या, त्याचाच सराव चालला हुता. परतीच्या पावसाचं दिवस. रोज दुपारनं आभाळ भरून यायचं, काळंभोर, आन् नुसता कडकडाट. त्या दिवशी शिट्टी झाली. बूटवाल्या आत गेल्या. सर छत्री घेऊन व्हरांड्यात उभं राहिलं आन् तितनंच वरडायला लागलं, "पास दे! पुढं सरक! साताऱ्यात पाऊस असला तर मॅच थांबणार नाही!"

सुली आमची गोलकीपर. कवठे महांकाळकडची, बाप न्हवता तिला, मामानं वाढवलेली. माझ्या शेजारच्या कॉटवर झोपायची. ती गोलात उभी हुती, लोखंडी खांबाला टेकून. मागं नीलगिरीचं झाड.

पांढराफेक उजेड झाला. आवाज मागनं आला का बरोबरच, ते न्हाई सांगता येत. नीलगिरी वरनं खालपतूर सोलून निघाली. सुली खांबापासनं लांब पडली हुती, पालथी. मी पळाले. पाय चिखलात रुतत हुतं, आन् मी नुसती "सुले, सुले" वरडत हुते. उताणी केली तर डोळं उघडं, पर बघत कुटंच न्हवती.

सर व्हरांड्यातनं उतरलं न्हाईत. तितनंच म्हणालं, "पाणी पाजा तिला. घाबरली आहे. काटक आहे ती, उठेल."

उठली. खरंच उठली. आमीच धरून वसतिगृहात नेली. डॉक्टरांची गाडी फाटकाशी केतकीला न्यायला उभी हुती, पर कुणाला वाटलं न्हाई त्यांना हाक मारावी. वसतिगृहातल्या बाईंनी सुलीच्या कानात कोमट तेल घातलं, कापूस घातला. रात्री मी तिच्याशी बोलत हुते आन् ती माझ्या तोंडाकडं बघत हुती. मग मान वळवून दुसरा कान माझ्याकडं करायची. तवा मला कळलं.

दुसऱ्या दिवशी परत सराव. परत तसंच आभाळ. सुली कापूस घालून गोलात उभी, कारण सर म्हणालं, गोलकीपर दुसरी कुटली आणू? गरजायला लागलं. शिट्टी झाली. शिट्टीला सगळ्यांनी दाराशी जमायचं, मग सर बूट बघून आत घ्यायचं. सगळ्या हॉलच्या दाराकडं पळालो. सुली उभीच. तिला शिट्टी ऐकूच आली न्हाई.

सर दारातनं वरडलं, "ए! कान फुटलेत का तुझे?"

हे रोजचं बोलणं हाय. घरात, शाळंत, कुटंबी कुणीबी म्हणतं, कान फुटलेत का. मी हजारदा ऐकलेलं. पर त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हय, फुटलाय. तुमीच फोडलाय.

मी परत ग्राउंडवर गेले. सुलीचा हात धरला. तिला घेऊन दाराशी आले. सरांचा आडवा हात हुताच. मी वाकून त्या हाताखालनं आत शिरले आन् सुलीला माझ्या मागनं ओढली. चकचकीत लाकडी फरशी हुती हॉलची, बॅडमिंटनसाठी केलेली. तिच्यावरनं आमी चालत गेलो. चिखलाचं पाय उठत गेलं एकामागं एक. मधोमध गेलो आन् मी बसले. सुलीला बसवली.

 सर आलं. "काय चाललंय हे? फरशी बघ काय केलीस!"

मी म्हणलं, "सर, साताऱ्याची मॅच हॉलात हाय का?"

"काय?"

"न्हाई म्हंजे, साताऱ्यात पावसात खेळायचं असंल, तर मग ह्या पोरी हितं कशाला बसल्यात? ह्यांना सराव नको?"

सरांचं तोंड लालबुंद. "उठ. आधी फरशी पूस."

"न्हाई पुसणार."

मागनं केतकी हळूच म्हणाली, "अगं, पूस ना. कशाला उगाच वाढवतेस?" वाईट पोरगी न्हवती ती. तिला खरंच वाटत हुतं की गोष्ट फरशीची हाय.

आप्पाला बोलावणं गेलं. माझा बाप जतवरनं एसटीनं आला, खांद्यावर घोंगडं, डोस्क्याला पटका. तीनदा विचारत विचारत शाळा शोधली म्हणाला. सरांनी त्याला हॉलमधीच आणलं. फरशी तशीच ठेवली हुती, मुद्दाम. चिखल वाळून त्याच्या खपल्या झालेल्या. माझी आन् सुलीची पावलं वळखू येत हुती.

सर म्हणालं, "पोरगी उर्मट झालीय तुमची. तरी पण मी वाईट माणूस नाही. माफी मागू दे, फरशी पुसू दे, साताऱ्याला नेतो. नाहीतर आजच घेऊन जा."

आप्पानं हात जोडलं. "आवं सर, लेकरू हाय. चुकलं तिचं. ती कशाला, मीच पुसतो की." आन् माझ्या बापानं खांद्यावरचं घोंगडं काढलं, गुडघ्यावर बसला आन् ते घोंगडं त्या फरशीवर टेकवलं.

त्या घोंगड्यात मी लहानपणी निजलेले. कोकरू आजारी पडलं की त्याला त्यात गुंडाळायचा आप्पा.

माझं डोस्कं फिरलं. मी त्याचं मनगट धरलं. "आप्पा, ऊठ."

"गप बस गं. शिकायचं हाय का न्हाई तुला?"

"आप्पा, डोंगरावर ईज कडाडली की तू काय करतोस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं पोरीला येड लागलं. "काय करतो म्हंजे? मेंढरं खाली आणतो."

"सगळी का निवडून?"

"निवडून कशी आणायची? सगळीच आणतो."

"ह्यांनी आमाला न्हाई आणलं, आप्पा. ह्यांनी निवडली. सुलीचा कान गेला."

आप्पा तसाच गुडघ्यावर. मग उठला. घोंगडं झटकलं, परत खांद्यावर टाकलं.  मला वाटलं हुतं सरांना चार शिव्या घालंल. त्यानं दाराशी ठेवलेली माझी ट्रंक उचलली आन् म्हणाला, "चल."

फाटकापतूर गेलो आन् मी मागं वळून बघितलं. हॉलचं दार उघडं हुतं. सुली खाली बसून फरशी पुसत हुती. माझी पावलं आन् तिची पावलं, दोन्ही. मी तिला कधीच दोष दिला न्हाई, कुणी देऊबी नये. तिला न्यायला कोण येणार हुतं? मी हाक मारली, "सुले!" जोरात मारली. तिनं वर बघितलं न्हाई. कुटला कान माझ्याकडं हुता ते आजपतूर मला ठाव न्हाई.

ती साताऱ्याला खेळली. पाऊस हुता म्हणं. जिंकल्या का हरल्या, मी विचारलं न्हाई.

मला घरी बघून अव्वा रडली. मेंढरांमागं गेले मी, ते सालभर गेलेच. आलेल्या दोन स्थळांना आप्पानंच माघारी लावलं. त्याचं कारण त्यानं कधी सांगितलं न्हाई. दुसऱ्या साली आत्त्याकडं कवठे महांकाळात ऱ्हाऊन दहावी केली, मग पुढचं. ते सगळं कसं केलं ते सांगत बसत न्हाई. लोकं ऐकत्यात आन् म्हणत्यात, "वा बाई, काटक हायसा." म्हणून सांगत न्हाई.

आता माझ्या हाताखाली पोरींची टीम हाय. परवा संस्थेचं एक मोठं गृहस्थ ग्राउंडवर आलं हुतं. आभाळ गरजायला लागलं, मी खेळ थांबवला. ते म्हणालं, "राहू द्या हो मॅडम, खेड्यातल्या पोरी आहेत. काटक असतात."

मी म्हणलं, "साहेब, तुमची नात आणा उद्या. तिला उभी करा हितं इजंत. मग ह्यांना करते."

गृहस्थ गाडीत जाऊन बसलं. माझी बदली करणार म्हणं. करू दे. जिकडं टाकतील तिकडं ग्राउंड असंलच, आन् वर हेच आभाळ.

माझ्या ग्राउंडवर काटक म्हणायचं न्हाई. सहन करतंय म्हणून कुणाला वाटंल ते करायला मोकळीक, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. दुसरा अर्थ मला कुणी दाखवलेला न्हाई. आभाळ गरजलं की मी शिट्टी मारते आन् दोन्ही हातबी वर करते, एखादीला ऐकू येत नसंल म्हणून. मग पळत जाऊन हॉलच्या दारात उभी ऱ्हाते. सगळी टीम आत येईपतूर हलत न्हाई. चिखलाच्या पायानं या, म्हणते. त्या दारात परत कुणी आडवा हात धरला, तर तो हात बाजूला करून मगच मी आत जाणार.