पान चारशे बारा

थेल्मा नॉर्डक्विस्ट यांच्या कचेरीत मी चोवीस वर्षं सचिव होते. आम्ही सगळे त्यांना जजबाईच म्हणायचो. आयोवातल्या मक्याच्या शेतात वाढलेली ही मुलगी कायद्याच्या वर्गात एकटीच बाई होती. परीक्षेत दुसरी आली, तरी वकिलांच्या एका पेढीनं विचारलं, "टायपिंग येतं का?"

"येतं," त्या म्हणाल्या, "पण तुमच्यासाठी नाही."

मग त्यांनी सरकारी वकिली केली, चौदा वर्षं खालच्या कोर्टात न्यायाधीशपद सांभाळलं. १९७९ साली राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवलं, सिनेटनं मान्य केलं आणि त्या संघराज्याच्या अपील न्यायालयात आल्या. ती नेमणूक तहहयात.

इथे साक्षीदार नाहीत, ज्युरी नाही. तिघे न्यायाधीश, खालच्या कोर्टाचे कागद, आणि प्रत्येक वकिलाला पंधरा मिनिटं. सोळाव्या मिनिटाला जजबाई वाक्य अर्ध्यात तोडायच्या. भलेभले वकील त्यांना टरकून असत.

१९९१ च्या मार्चमध्ये तुरुंगातून एक अपील आलं, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. ऑर्व्हिल टॅकेट नावाचा हमाल सरकारी धान्यगोदाम जाळल्याबद्दल शिक्षा भोगत होता. सात वर्षांपूर्वी त्याचं पहिलं अपील जजबाईंनीच फेटाळलं होतं. आता त्यानं एवढंच मागितलं होतं, "कृपा करून पान चारशे बारा वाचा."

जजबाईंनी जुन्या खटल्याची खोकी मागवली. दुपारी त्यांचं अंड्याचं सँडविच टेबलावर तसंच पडलेलं. त्यांनी मला हाक मारली.

"डोरिन, हे मोठ्यानं वाच."

रखवालदाराची साक्ष होती. वजनकाट्याच्या खोलीच्या खिडकीतून आपण टॅकेटला डबा घेऊन पळताना पाहिलं, असं त्यानं सुरुवातीला सांगितलं होतं. तीनशे पानांनंतर भलत्याच प्रश्नाला उत्तर देताना तोच म्हणाला होता, "एप्रिलच्या गारपिटीपासून त्या खिडकीला फळ्या ठोकल्यात. उजेडसुद्धा येत नाही आत." आणि आग लागली होती जूनमध्ये.

"अरे देवा!" मी म्हटलं. "त्याच्या वकिलाला दिसलं नाही हे?"

"नाही. सरकारी वकिलालाही नाही. आणि मी तर हे पान उघडलंच नव्हतं. मदतनिसानं काढून दिलेला गोषवारा वाचला आणि सही ठोकली."

त्यांच्यासोबत बसणारे जज क्राउडर त्यांचे जुने स्नेही. ते दारातूनच सुरू झाले, "अगं थेल्मा, तुझाच निकाल! आपल्याच हातानं आपल्या तोंडात मारून घेणार?"

"मग कुणाच्या तोंडात मारू? चूक माझी आहे."

"खटले कधीतरी मिटायला नकोत का? उद्या प्रत्येक कैदी पेन्सिल घेऊन बसेल."

"बसू दे की. आपल्याला पगार वाचण्याचाच आहे, लायमन."

क्राउडर ऐकेनात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं; मिटलेली प्रकरणं रोज उकरत बसलं तर कोर्ट चालणार कसं? पण तिसऱ्या न्यायाधीशांनी दोन दिवस विचार केला आणि ते जजबाईंच्या बाजूनं आले.

निकाल टाईप करताना माझा हात एका वाक्याशी अडला: 'मागील निकाल मी लिहिला. तो लिहिण्यापूर्वी मी खटल्याची पूर्ण नोंद वाचली नव्हती.'

"जजबाई, हे ठेवायचं? छापील निकालांत कायमचं राहील हे."

"म्हणूनच ठेव," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

खालच्या कोर्टात पुन्हा सुनावणी झाली. रखवालदारानं कबूल केलं, की तो त्या वेळी आपल्या ट्रकमध्ये झोपला होता आणि नोकरी जाईल या भीतीनं खोटं बोलला. ऑक्टोबरात टॅकेट सुटला.

त्यानंतर जजबाई प्रत्येक खटल्याची खोकी स्वतः वाचू लागल्या, पहिल्या पानापासून. निकालांना उशीर होई, मुख्य न्यायाधीशांच्या चिठ्ठ्या येत. त्या माझ्याकडे टाकत. "लाव फाईलला." पुढे नजर अधू झाली, तेव्हा भिंग घेऊन वाचत.

दोन वर्षांनी एका सकाळी सुनावणीला मागच्या बाकावर एक उंच, वाकलेला माणूस बसला होता. सुनावणी संपल्यावर तो माझ्याकडे आला, टोपी हातात.

"मी टॅकेट. बाईंना भेटायचं नाहीये मला. नुसतं बघायचं होतं. तेवढा एक निरोप द्याल का?"

मला वाटलं, आभार मानेल.

"त्यांना म्हणावं, जरा मोठ्यानं बोला. मागे काही ऐकू येत नाही."

मी जसाच्या तसा निरोप दिला. जजबाई आधी चकित झाल्या, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी आपल्या खुर्चीसमोर माईक बसवून घेतला.