बिनखिडकीची केबिन

पूर्णिमा चिटणीस दोह्याच्या मुशैरिब भागातल्या एका ऑफिसात फोनवर बोलायचं काम करते. कंपनी जहाजावरच्या सहली विकते आणि जुन्या पाहुण्यांना परत बोलावणं पूर्णिमाच्या टीमकडे आहे. जहाज मुंबईहून सुटतं, किनारा दिसेनासा झाला की त्यावरचा कॅसिनो उघडतो. दोह्यात जुगाराला बंदी, त्यामुळे इथे बसून तो शब्द काढायचा नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. ‘एंटरटेनमेंट डेक’ म्हणायचं.

ती मूळची नाशिकची, तिथे हॉटेलात रिसेप्शनला होती. नवरा मिहीर सिव्हिल इंजिनिअर. त्याचं प्रोजेक्ट संपलं त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून त्याचा आणि बारा वर्षांच्या उर्वीचा इथे राहण्याचा परवाना पूर्णिमाच्या नोकरीवर आहे. ती घरी येते तेव्हा मिहीर आधी तिचा चेहरा बघतो, मग पाणी देतो.

ठाण्याच्या कमलिनीकाकू तिच्या यादीत सुरुवातीपासून होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त, एकट्या. जहाजावर गेल्या की सकाळपासून स्लॉट मशीनपुढे बसायच्या. पूर्णिमा दर दोन महिन्यांनी फोन करायची, “काकू, तुमच्यासाठी केबिन ठेवलीय, फुकट.” अशा अकरा सहली झाल्या होत्या.

एकदा काकू म्हणाल्या, “अगं, मागच्या खेपेला जेवणाच्या टेबलावर एक शेठ भेटले. पत्ते खेळतात. त्यांना बाल्कनीची खोली, वर विमानाचं तिकीट. ते दोन तास बसतात, मी दिवसभर. मग मला दर वेळी बिनखिडकीचीच का?”

“बघून सांगते, काकू.”

तिने बघितलं. स्क्रीनवर प्रत्येक नावापुढे एक आकडा असतो, हा माणूस एका सहलीत साधारण किती हरेल त्याचा. काकूंचा आणि शेठचा आकडा जवळजवळ सारखा होता. शेठना मिळत होतं ते मात्र काकूंच्या दुप्पट. ती मॅनेजरकडे, गुरुप्रसाद सरांकडे गेली.

“पत्त्यांच्या टेबलवाल्याशी आपला माणूस बोलतो,” सर म्हणाले. “तो घासाघीस करतो. नाही दिलं तर दुसऱ्या जहाजावर जातो. मशीनवाले कार्ड घालतात आणि बटण दाबत बसतात. ते कुठे जाणारेत? आणि हे तिला सांगत बसू नकोस.”

ऑफिसचे फोन रेकॉर्ड होतात. म्हणून पूर्णिमाने दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून स्वतःच्या फोनवरून काकूंना सगळं सांगितलं. “ती केबिन फुकट नाही, काकू. तुम्ही हरता त्यातलंच थोडं परत येतं. तेही पत्तेवाल्यांच्या निम्मं.”

काकू म्हणाल्या, “बत्तीस वर्षं लोकांची बिलं काढली गं मी. एवढं मला कळत नसेल?”

“मग का जाता?”

“जहाजावर पाऊल ठेवलं की तिथली पोरगी ‘वेलकम बॅक, कमलिनी मॅडम’ म्हणते. इथे आठ-आठ दिवस माझं नाव कुणी घेत नाही. तू आपली फोन करत जा.”

पूर्णिमाला पुढचा बोलावण्याचा फोन करवेना. तिने काकूंच्या नावापुढे ‘संपर्क करू नये’ असं टाकलं आणि रात्री जेवताना घरी सांगितलं. मिहीर म्हणाला, “नोकरी गेली तर तिघांची तिकिटं एकाच दिवशी काढावी लागतील, एवढं लक्षात ठेव.”

“बट दॅट्स चीटिंग, मम्मा,” उर्वी म्हणाली. काय चीटिंग, ते तिला कुणी विचारलं नाही.

अडीच महिन्यांनी प्रवाशांच्या यादीत काकूंचं नाव दिसलं. पूर्ण भाडं भरून गेल्या होत्या. मध्ये खंड पडल्यामुळे सभासद-कार्डाची पायरी उतरली होती, साठलेले पॉइंट पुसले गेले होते. केबिन तशीच, आतली.

परतल्यावर त्यांनी पूर्णिमाच्या स्वतःच्या नंबरवर फोन केला. “माझं काही चुकलं का गं? बोलावणं आलं नाही. म्हटलं, शेठचं विचारलं म्हणून तुमच्या साहेबांना राग आला असेल. या वेळी मी कुणाला काही विचारलं नाही हो.”

“तुमचं काही नाही चुकलं, काकू. मीच नाव काढलं होतं. तुम्ही जाऊ नये म्हणून.”

“असं होय,” काकू म्हणाल्या. “परत घाल ना.”

ती सरांकडे गेली. नाव आपण काढलं होतं, हेही कबूल केलं. ते रागावतील अशी तिची तयारी होती. त्यांनी काकूंचं पान उघडलं आणि खुर्ची पुढे ओढली. “काही न देता आली? पूर्ण भाड्यात? मग आता कशाला द्यायचं?” आठवडा सुरू होताना रविवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं, पूर्णिमाचं नाव घेऊन, कौतुकाने. मशीनवाल्या आणखी पन्नास जणांची बोलावणी थांबवून बघायचं ठरलं. यादी तिच्याकडेच दिली.

तिने राजीनाम्याचं पत्र दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा मिहीरला दाखवलं, त्याने दोन्ही वेळा वाचून परत दिलं. उर्वीच्या शाळेचं वर्ष जूनपर्यंत आहे.

शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी ती आता काकूंना घरून फोन करते. गुडघे, गॅस सिलिंडर, वरच्या मजल्यावरची गळती, असं बोलणं होतं. काकू अधूनमधून हसतातही. मग आवाज थोडा खाली येतो.

“केबिनचं काही कळलं का गं?”