मुलाखतीमागची चादर

सायखेड्याला आमच्या घरात मोबाईलची रेंज नावालाच. ती मिळते मळ्यातल्या कांदाचाळीपाशी. म्हणून पीएचडीची माझी ऑनलाइन मुलाखत चाळीच्या कडेला खुर्ची टाकून द्यायची ठरली. मी मेकॅनिकल इंजिनिअर. साठवलेल्या कांद्यातून वारा कसा खेळतो आणि मधलाच कांदा आधी का सडतो, हा माझा विषय. फेलोशिपसह जागा एकच होती. फेलोशिप नाही तर पीएचडी नाही, हे मीच घरी सांगून टाकलं होतं. पाठची बहीण बारावीला होती आणि तिच्या वाटणीचं मला खायचं नव्हतं.

आईने मात्र मुलाखतीचा बघण्याचा कार्यक्रम करून टाकला. मला काठाची साडी नेसवली. गजरा घेऊन आली तेव्हा मी ओरडलेच. मग तिची नजर चाळीवर गेली. "लय मोठी मान्सं बघणार तुला, आन् मागं कांदं?" असं म्हणत तिने पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली गुलाबी फुलांची चादर आणली आणि चाळीच्या बांबूंना बांधली. वाऱ्याने गाठी सुटायला लागल्या, तशी ती चादरीमागे गेली. "तू बोल. मी धरते."

मुलाखत बरी चालली होती. समीकरणं झाली, आलेख झाले. शेवटी एका सरांनी मराठीतच विचारलं, "पेपर पुष्कळ वाचलेत तुम्ही. पण कांदाचाळ कधी जवळून पाहिलीय का?"

मी मुळात तापट. सायखेड्याच्या पोरीला हा प्रश्न! उठले आणि चादर खसकन ओढली.

मागे छपरापर्यंत भरलेला कांदा आणि त्याच्यापुढे दोन्ही हात वर करून उभी असलेली माझी आई. पदर घसरलेला, चेहरा घामाने निथळणारा. हात खाली घ्यावेत की नाही, हे तिला क्षणभर कळेना. मग तिने त्याच हातांनी मोबाईलला नमस्कार केला.

पुढचे सगळे प्रश्न चाळीचेच आले. मोबाईल हातात घेऊन मी खालच्या फटी दाखवल्या, कांद्यात कोपरापर्यंत हात घालून आतली ऊब सांगितली. इतकं छान मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. माझं मीच सांगते, दुसरं कोण सांगणार?

आई मात्र निकाल लागेपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. निवड झाल्याचा मेल आला, फेलोशिपसह, आणि मी तो तिला मोठ्याने वाचून दाखवला. तिने तो पुन्हा वाचायला लावला. त्यानंतर अख्ख्या गावाला तिने एकच गोष्ट ऐकवली, "पोरीला शिकायचा पगार मिळतो, आन् तो बी आपल्या कांद्यावर."

हॉस्टेलला निघताना तिने तीच गुलाबी चादर माझ्या बॅगेत कोंबली.

"अगं, मग पाहुण्यांना काय दाखवशील?" मी विचारलं.

"चाळ," आई म्हणाली.