पाटल्या घालून पोटगी मागताना

घटस्फोटाच्या वेळी मी ऐटीत सांगितलं होतं, "पोटगी नको." आमच्या घराण्यात पैसा कधी टिकला नाही, ताठा मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरून उरलाय. पुढे बालवाडीतली नोकरी गेली, फुलपाड्याला आईच्या घरी तिच्या तुटपुंज्या पेन्शनवर आम्ही दोघी राहू लागलो, तेव्हा कळलं की ताठ्याची भाजी होत नाही. वकीलबाई म्हणाल्या, "घटस्फोट झाल्यावरही मागता येतं. दुसरं लग्न केलेलं नाही ना?" म्हटलं, पहिलंच पुरलंय.

तारखेला साध्या कपड्यांत या, असं त्यांनी बजावलं होतं. आईला ते पटलं नाही. "कोर्टात काय भिकाऱ्यासारखी जाणार? चार लोक बघतात." आयुष्यभर त्या चार लोकांना भ्यालेल्या या बाईने मला तिची जरीची साडी नेसवली आणि हातात तिच्या पाटल्या चढवल्या. लाडवांचा डबाही देत होती, तो मी दारातच ठेवला.

वसईच्या कोर्टात मला पाहून वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. समोरचे वकील मात्र खूश झाले. "साहेब, या पाटल्या बघा. यांना कसली गरज?" मी पाटल्या पदराखाली लपवायला गेले, तर पदर त्यांच्याहून जास्त चमकत होता. अर्ज फेटाळला तर आईची औषधं कुठून आणायची, मला खरंच माहीत नव्हतं.

तेवढ्यात माझे माजी यजमान उभे राहिले. "साहेब, त्या पाटल्या तिच्या आईच्या आहेत. तिचं सोनं माझ्या धंद्यात गेलं. तिच्याकडे काही नाही." त्यांचे वकील त्यांची बाही ओढत होते, तरी ते बसले नाहीत.

संसारात सासूबाई मला बोलायच्या, तेव्हा हे गृहस्थ पेपरात तोंड घालून बसायचे. माझ्यासाठी एक शब्द बोला, म्हणून मी किती वाट पाहिली होती. मला रडू आवरेना.

पोटगी मंजूर झाली. घरी आईने विचारलं, डोळे का सुजलेत? म्हटलं, आनंदाने. ते माझ्या बाजूने उभे राहिले, हे काही मी तिला सांगितलं नाही. ती लगेच म्हणाली असती, मग सोडलंस कशाला?