मामांचा खुलासा

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, उदगीरच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होते. सकाळी कचेरी उघडायची ती त्यांनी, आणि संध्याकाळी पंखे, दिवे, खिडक्या बघून कुलूप लावायचं तेही त्यांनीच. सबंध नोकरीत सेवापुस्तकात वाईट शेरा एक नाही. जेवताना हे वाक्य आलं नाही, तर मामी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघतात.

अशा माणसाच्या घरी मी नांदेडहून माझा जुना कॉम्प्युटर नेऊन ठेवला. त्या म्हाताऱ्या यंत्राला झेपेल असं हलकं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, त्यात घातलं. इतकं हलकं, की पडद्यावर बंद करायचं बटणच नव्हतं. मग काळ्या खिडकीत टाइप करायची आज्ञा एका पुठ्ठ्यावर लिहून दिली आणि मोठं राज्य जिंकल्याच्या थाटात नांदेडची बस धरली. मामांचं खातं मी वेगळं, साधं ठेवलं होतं. त्या खात्याला ही आज्ञा द्यायचा अधिकारच नाही, हे माझ्या ध्यानातून साफ गेलं.

आठ दिवसांनी मामींचा फोन आला. मामांनी कॉम्प्युटरवर चादर टाकली होती. बुद्धविहारातल्या रविवारच्या वाचनाची सूचना ते हौसेने त्याच्यावर टाइप करायचे, ती परत हाताने लिहू लागले होते. कारण विचारलं तर उठून बाहेर जात.

मी गेलो. चहा झाल्यावर मामांनी दार लोटून घेतलं.

"पावणं, रिपोर्ट कुठं गेला आसंल? लातूरला, का थेट मुंबईला?"

हळूहळू उलगडा झाला. त्यांनी पुठ्ठ्यावरची आज्ञा एकेक अक्षर बघत टाइप केली होती. त्यावर यंत्राने इंग्रजीत सुनावलं, की तुमचं नाव अधिकृत यादीत नाही, आणि घडला प्रकार वर कळवला जाईल. मामांनी शब्दकोश काढून अर्थ लावला आणि जागीच गार पडले. तेवढ्यात मामींनी भिंतीवरचं बटण दाबून यंत्राचा निकाल लावला. मामांच्या लेखी हा दुसरा गुन्हा.

मला हसू फुटणार, एवढ्यात त्यांनी उशीखालून एक कागद काढला. खुलासा! 'सविनय सादर, कुलूप लावण्याच्या जुन्या सवयीने सदर यंत्र बंद करावयास गेलो. हेतू वाईट नव्हता.' खाली लफ्फेदार सही.

"मामा, ह्या यंत्राचा साहेब मीच हाय," मी म्हणालो. "रिपोर्ट आला तो माझ्याकडंच."

मामा ताडकन उठून उभे राहिले. माझ्यासमोर, हात जोडल्यासारखे. असा मान कुठल्याच जावयाला मिळू नये. मी त्यांना धरून खाली बसवलं.

मग कामाला लागलो. पडद्याच्या कोपऱ्यात लाल रंगाचं मोठं चिन्ह बसवलं, खाली लिहिलं 'बंद करा'. मामांच्या खात्याला तेवढ्या एका कामाची मुभा दिली. पासवर्ड नाही, यादी नाही. फक्त 'नक्की बंद करायचं?' एवढं एकदा विचारायचं. मामांना करून दाखवलं. ते लांबूनच बघत होते.

"तोंडी न्हाई चालायचं," ते म्हणाले. "लेखी द्या."

मी त्यांचाच खुलासा घेतला आणि समासात शेरा मारला: 'खुलासा मान्य. सदर संगणक रोज बंद करण्याचे पूर्ण अधिकार आपणास देण्यात येत आहेत.' सही केली. त्यांनी जावक क्रमांक विचारला. एक, म्हणालो. तो घातला.

मामांनी कागद दोनदा वाचून सेवापुस्तकाच्या फायलीत लावला. मग चष्मा पुसून खुर्चीवर बसले, रविवारची सूचना टाइप केली आणि लाल चिन्हावर माउसचा बाण नेऊन दाबलं. यंत्राने विचारलं. त्यांनी 'हो' म्हटलं. पडदा काळा झाला.

"आजपासून तू हात लावायचा न्हाई," ते मामींना म्हणाले. "अधिकार माझ्याकडं हाय."